पलटण गेली, मोहल्ला राहिला

हिंगोली शहरात पलटण आहे, पण तिथे शिपाई नाहीत. रिसाला आहे, घोडे नाहीत. तोफखाना आहे, तोफा नाहीत. पेन्शनपुऱ्यात आता कुणी निजामाची पेन्शन घेत नाही आणि सदर बाजारात गोऱ्या साहेबासाठी काही विकले जात नाही. ही सगळी वस्त्यांची नावे आहेत. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक तिथे राहतात, लग्नपत्रिकांवर ही नावे छापली जातात, मुलांच्या दाखल्यावर ती पत्ता म्हणून लिहिली जातात. त्यांचा अर्थ मात्र फारसा कुणी मुलांना सांगत नाही.

1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हे शहर आपल्या परभणी जिल्ह्यातच होते. म्हणजे परभणी जिल्ह्याच्या इतिहासात एक मोठी लष्करी छावणी होती, ती एके दिवशी बंद झाली आणि तिच्या जागेवर साधी माणसे संसार करू लागली. आज देशभरात जुन्या छावण्यांचे काय करायचे, ही चर्चा सुरू आहे. तेव्हा घरातल्या या जुन्या उदाहरणाकडे एकदा नीट पाहावे, असे आम्हाला वाटते.

छावणी कशी आली

निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक वेगळी फौज होती. तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. फौज निजामाच्या नावाची, हुकूम इंग्रजांचा आणि खर्च निजामाच्या खजिन्यातून. हा खर्च भागता भागेना, कर्ज चढत गेले. शेवटी 1853च्या तहात वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआबाचा मुलूख या फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. त्या तहात फौजेचा आकडाही ठरला: पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने. धाराशिव आणि रायचूर 1860मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही.

ही फौज राज्यभर विखुरलेली होती. बोलारम, औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर, अशी तिची ठाणी होती. तिच्यात दख्खनी मुसलमान होते, पठाण होते, शीख होते, राजपूत होते, उत्तरेकडून आलेले हिंदू शिपाई होते. 1857 साली मोमिनाबादहून औरंगाबादला आणलेल्या रिसाल्यात बंडाची ठिणगी पडली आणि मीर फिदा अली या दफेदाराला फाशी झाली. तेव्हा या छावण्या म्हणजे केवळ परक्यांचा इतिहास नाही. आपल्याच लोकांची भाकरी आणि आपल्याच लोकांची फाशी, दोन्ही तिथे होती.

छावणी म्हणजे फक्त बराकी नव्हेत. एक घोडेस्वार उभा राहायचा तर त्याच्यामागे नालबंद लागतो, गवत कापणारा लागतो, खोगीर शिवणारा लागतो. पलटणीला शिंपी, मोची, धोबी, भिश्ती, खाटीक, नानवाई, दूधवाला सगळेच लागतात. म्हणून प्रत्येक छावणीशेजारी सदर बाजार वसला. बाजाराबरोबर मशीद आली, मंदिर आले, कब्रस्तान आले, मदरसा आला. नोकरी संपलेले शिपाई गावी परतण्याऐवजी तिथेच राहिले आणि पेन्शनपुरा झाला. हिंगोलीचा दसरा महोत्सव आज दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगतो. रामलीला मैदानावर त्या दिवसांत सगळे शहर लोटते आणि खेळण्यांच्या दुकानांपुढे आपलीही मुले हट्ट करून उभी असतात.

छावणी का उठली

छावणी बंद झाली ती कुणाच्या रागातून नव्हे. त्यामागे हिशोब होता. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीमार्गे हैदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे 1900च्या सुमारास सुरू झाली. जिथे पलटणीला पोहोचायला आठवडे लागत, तिथे ती दोन दिवसांत नेता येऊ लागली. मग गावोगावी फौज ठेवायची कशाला? नोव्हेंबर 1902मध्ये लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात करार झाला. वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बदल्यात इंग्रजांकडे कायम पट्ट्याने गेले आणि 1903मध्ये कंटिंजंटचे वेगळे अस्तित्व संपले. तिच्या पलटणी इंग्रजी हिंदी सैन्यात मिसळल्या. हिंगोलीची छावणी उठली, मोमिनाबादची आणि जालन्याचीही उठली.

या फौजेचा वंश मात्र संपला नाही. तिच्या पायदळातून पुढे हैदराबाद रेजिमेंट झाली आणि 1945मध्ये तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट पडले. तिच्या घोडदळातून डेक्कन हॉर्स आले, जे आज भारतीय सैन्यात रणगाडे चालवते. हिमालयात उभ्या असलेल्या एका नामवंत रेजिमेंटचे मूळ आपल्या दख्खनच्या मातीत आहे, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

फौज गेली तेव्हा सदर बाजाराचे काय झाले असेल, याचा विचार प्रत्येक घराने करावा असा आहे. ज्याचा ग्राहक एकच, त्याचा धंदा त्या ग्राहकाबरोबर उठतो. नालबंदाला घोडे उरत नाहीत, शिंप्याला गणवेश उरत नाहीत. हिंगोली टिकली ती कापसामुळे. ही कापसाची मोठी बाजारपेठ होती आणि पुढे पूर्णेहून रेल्वेचा फाटाही तिथपर्यंत आला. छावणीवर जगणाऱ्या गावाला दुसरा रोजगार मिळाला म्हणून गाव राहिले. जिथे असा रोजगार आला नाही, तिथल्या बाजाराला पुन्हा उभे राहायला फार वर्षे लागली.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही

छावणीचे शहर होणे ही गोष्ट इस्लामी इतिहासाला पहिल्यापासून माहीत आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत बसरा, कूफा आणि फुस्तात ही तिन्ही ठिकाणे फौजेचे तळ म्हणून वसली. कूफा इ.स. 638च्या सुमारास, फुस्तात 641च्या सुमारास. मधोमध मशीद, तिच्याभोवती मोकळी जागा आणि बाजार, मग कबिल्यांच्या वस्त्या, अशी त्यांची मांडणी होती. शंभर वर्षांच्या आत तिथे तंबूंऐवजी ग्रंथ दिसू लागले. इमाम अबू हनीफा कूफ्याचे, हसन बसरी बसऱ्याचे. फुस्तातच्या शेजारी पुढे काहिरा वाढले. तळ आखताना मशीद, बाजार आणि मैदान यांची जागा आधीच सोडलेली होती, म्हणून तळाचे शहर झाले.

आपण घरात जी बोली बोलतो तिचे नावसुद्धा तेच सांगते. ‘उर्दू’ या तुर्की शब्दाचा मूळ अर्थ छावणी.

उल्हासनगरचा धडा

महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण कल्याणजवळचे आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराचा मोठा तळ होता, दोन हजारांवर बराकी होत्या. युद्ध संपले, तळ रिकामा झाला. मग फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिथे आणले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तिथले लोक पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच सांगतात.

सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी त्या बराकींत कारखाने काढले, शाळा काढल्या, एक शहर उभे केले. त्यांच्या मेहनतीला सलाम केलाच पाहिजे. पण त्या शहराने एक दुखणेही सोसले. लोक राहायला आधी आले, मालकीचे कागद आणि शहराचा आराखडा मागून आला. दोन पिढ्या गेल्या, बराकीवर मजले चढले आणि त्यातली असंख्य बांधकामे कागदावर बेकायदा ठरली. शेवटी 2006मध्ये उल्हासनगरसाठी अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा खास कायदा करावा लागला. घर आहे, वीज आहे, पाणीपट्टी भरतो, पण घर विकायचे, तारण ठेवायचे किंवा नव्याने बांधायचे म्हटले की अडते. हा अनुभव आपल्याही जुन्या मोहल्ल्यांत अनेकांचा आहे.

दूरच्या दोन गोष्टी

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात फ्रेंच सैन्याची वोबान नावाची छावणी होती. 1992मध्ये सैन्य गेले. सुमारे 38 हेक्टर जागा शहराने विकत घेतली. मोठ्या बिल्डरला एकगठ्ठा देण्याऐवजी लहान भूखंड पाडले, कुटुंबांनी एकत्र येऊन इमारती बांधल्या आणि आराखडा ठरत असताना रहिवाशांच्या मंचाशी बोलणी झाली. काही बराकी पाडल्या नाहीत. त्यांत विद्यार्थी आणि कमी उत्पन्नाची माणसे राहू लागली. आज तिथे पाच हजारांहून जास्त लोक राहतात आणि मुले रस्त्यावर खेळतात.

फिलिपाइन्समध्ये अमेरिकेचा क्लार्क हा मोठा हवाई तळ होता. जून 1991मध्ये पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेने तळ सोडला. पुढे तिथे विमानतळ आणि उद्योग आले, रोजगार वाढला. पण ज्वालामुखीने बेघर झालेली हजारो कुटुंबे आधी त्या तळाच्या आवारातच ठेवली होती आणि ती तिथल्या विहिरींचे पाणी पीत होती. त्या पाण्यात तेल आणि घातक रसायने सापडली. लष्करी जागेत इंधनाच्या टाक्या, दारूगोळा, गाड्यांचे कारखाने असतात. जमीन वरून स्वच्छ दिसली तरी खालचे पाणी तपासल्याशिवाय तिथे लेकरांना राहायला नेऊ नये, हे त्या कुटुंबांच्या दुःखातून जगाला कळले.

आजचा प्रश्न आपल्या दाराशी

महाराष्ट्रात आज सात छावणी परिषदा आहेत: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, कामठी आणि औरंगाबाद. अहमदनगरचे नाव आता अहिल्यानगर आहे, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर. छावणीतला लष्करी भाग लष्कराकडे ठेवायचा आणि नागरी भाग शेजारच्या नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत द्यायचा, असे केंद्र सरकारचे धोरण आहे. एप्रिल 2023मध्ये हिमाचल प्रदेशातील खास योल ही छावणी याच धोरणाखाली सर्वप्रथम बरखास्त झाली. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचे सोयरे औरंगाबादच्या छावणीत राहतात. तेव्हा हा विषय वर्तमानपत्रातला नाही, सोयरिकीतला आहे.

नागरी भाग महापालिकेत गेला की काय मिळेल? सरकारी घरकुल योजना, बांधकाम परवान्याचे सोपे नियम, मतदानाने निवडलेला नगरसेवक. आज छावणीत एक खोली वाढवायची तरी परवानगीसाठी किती फेऱ्या होतात, ते तिथल्या लोकांना विचारावे. आणि काय जाऊ शकते? मोकळी मैदाने, रुंद रस्ते, जुनी झाडे. लष्कराच्या शिस्तीमुळे राहिलेली मोकळी जागा शहराच्या हातात आली की तिच्यावर आधी नजर पडते ती बाजारभावाची.

ज्या घरात राहतो त्याची जमीन कुणाची, हा प्रश्नही तिथे आहे. छावणीतली अनेक घरे अशी असतात की वरचे बांधकाम राहणाऱ्याचे आणि खालची जमीन सरकारची. जुन्या पट्ट्याच्या अटी वाचल्याशिवाय महापालिका आली म्हणजे जमीन आपली झाली, असे समजू नये.

आपण काय करावे

पहिली गोष्ट कागदांची. निजामाच्या काळात राज्यकारभार उर्दूत होता. आजोबांच्या पेटीत पिवळे पडलेले उर्दू कागद असतील तर ते रद्दी समजून टाकू नका. त्यांवर फसली सन असतो. त्यात 590 मिळवले की साधारण इसवी सन येतो. म्हणजे 1313 फसलीचा कागद हा 1903च्या आसपासचा, नेमका छावणी उठली त्या काळातला. 1903नंतर हिंगोलीच्या जागेवर निजाम सरकार आले, 1948नंतर भारतातले हैदराबाद राज्य, 1956मध्ये मुंबई राज्य आणि 1960मध्ये महाराष्ट्र. इतक्या वेळा सरकार बदलले की एखादी नोंद मागे राहणे अवघड नाही. त्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढा, उर्दू जाणणाऱ्या बुजुर्गाकडून वाचून घ्या, मराठीत तर्जुमा करून ठेवा. शेतजमीन असेल तर सातबारा, फेरफार आणि 1954चे खासरा पत्रक काढा. गावठाणात असाल तर सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढा. छावणीत असाल तर संरक्षण मालमत्ता कार्यालयातल्या जनरल लँड रजिस्टरचा उतारा मागा. घरातल्या बायकांनाही हे कागद कुठे ठेवले आहेत ते माहीत असावे. बाप गेल्यावर कागद शोधताना रडणारी घरे आम्ही थोडी पाहिलेली नाहीत. आणि कागद काढताच आहात तर वारसांत मुलींची नावे लागली आहेत ना, तेही पाहा. शरीअतने दिलेला हिस्सा सातबाऱ्यावर यायला लाजू नये.

दुसरी गोष्ट सामाईक जागांची. मशीद, कब्रस्तान, इदगाह, आशुरखाना यांची नोंद कुठे आणि कोणत्या नावाने आहे, हे जमातीच्या विश्वस्तांनी पाहायचे काम आहे. राज्य वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय औरंगाबादेतच, पाणचक्कीच्या आवारात आहे. फौजेने शिपायांसाठी बांधलेली मशीद शंभर वर्षे नमाजींनी भरलेली असते, पण तिच्या नावाचा एक उतारा काढायला कुणी गेलेले नसते. वाद उभा राहिल्यावर धावण्यापेक्षा शांततेच्या दिवसांत एक फेरी मारलेली बरी.

तिसरी गोष्ट आराखड्याची. शहराचा विकास आराखडा जाहीर झाला की त्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात. ती मुदत ठरलेली असते. आपल्या वस्तीत त्या मुदतीत किती अर्ज जातात? मैदानावर शाळेचे आरक्षण आहे की दुकानांचे, हे नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलामुलींनी नकाशा आणावा, जुम्म्यानंतर मशिदीच्या अंगणात उघडावा, शेजारच्या हिंदू, बौद्ध घरांनाही बोलवावे. मैदान गेले तर सगळ्यांच्याच मुलांचे जाते आणि दवाखाना आला तर तो सगळ्यांनाच उपयोगी पडतो. बायकांना मात्र वेगळे बसवून विचारावे. पाणी कुठून आणावे लागते, मुलगी शाळेला कोणत्या रस्त्याने जाते, संध्याकाळी कुठे अंधार असतो, हे त्यांना पुरुषांपेक्षा जास्त माहीत असते.

जमिनीचा मोबदला आणि जमिनीची अमानत

हुजूर (स.) मदिन्यात आले तेव्हा मशिदीसाठी जी जागा पसंत पडली, ती सहल आणि सुहैल या दोन यतीम मुलांची होती. मुले ती फुकट द्यायला तयार होती. हुजूरांनी ती फुकट घेतली नाही, किंमत दिली. काम मशिदीचे होते, मागणारे अल्लाहचे रसूल होते, तरी कमजोराचा हक मोजून त्याच्या हातात पडला. सार्वजनिक कामासाठी जमीन घेताना आणि देताना मुसलमानाने ही गोष्ट विसरू नये. सरकारकडून आपला हक मागताना ती लक्षात ठेवावी आणि आपण स्वतः कुणा विधवेच्या भिंतीला खेटून ओटा वाढवतो तेव्हाही.

हिंगोलीत आज राज्य राखीव पोलीस दलाची बारावी तुकडी आहे आणि जालन्यात तिसरी. छावणी उठून सव्वाशे वर्षे होत आली तरी या शहरांत पहाटेची कवायत चालूच आहे. पण पलटण, रिसाला आणि पेन्शनपुरा या वस्त्या आता कोणत्याही हुकमाने उठणाऱ्या नाहीत. तिथे घरे आहेत, जनाजे उठतात, बाराती येतात. ज्या शिपायांनी फौज गेल्यावर परतण्याऐवजी तिथेच चूल मांडली, त्यांनी या शहरावर भरवसा टाकला. त्यांच्या नातवंडांच्या हातात त्या घराचा कागद आणि त्या मोहल्ल्याचे मैदान दोन्ही असावे, एवढेच आमचे मागणे आहे. या महिन्यात एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरातली जुनी पेटी तेवढी उघडून पाहा.